बिनआवाजाची चंडोल

केतकीनं बटण दाबलं आणि गाडी खोकली.

एकदा खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि मग घसा मोकळा झाल्यासारखी भरदार गुरगुरायला लागली. शेडमधली ठोकाठोक बंद पडली. स्टिअरिंगमागं बसलेल्या अण्णांनी दोन्ही हात अलगद उचलले, जणू कुणाची झोपमोड होईल.

"आयला!" अण्णा म्हणाले.

ऐंशी पार केलेला, कांद्याचा वाससुद्धा न चालणारा जैन माणूस. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि तोही इतक्या भक्तिभावानं.

"सकाळचा खोकला हाय ह्यो, गार इंजनाचा! सन्मती, आयकलास का? दोनदा खोकायची आणि मग धरायची. तीच हाय की रं!"

"तीच आहे अण्णा," त्यांचा मुलगा सन्मती म्हणाला. "पाय दाबा की जरा."

अण्णांनी पाय दाबला. आवाज चढत जाऊन शेडच्या पत्र्यावर आदळला. बॉनेटवर कुणीतरी पाण्याचं भांडं ठेवलं होतं. एवढा गदारोळ चालला होता, पण त्या पाण्यावर एक बारीकशी लहर उठली नाही. सगळे अण्णांकडं बघत होते. मी त्या भांड्याकडं बघत होते.

बॉनेटखाली इंजिन नव्हतंच. पुण्याच्या एका विजेच्या गाड्या करणाऱ्या कंपनीनं जुनी चंडोल विकत घेऊन तिचं पोट रिकामं केलं होतं. तळाला बॅटरी, मागच्या चाकांना मोटर, आणि पुढच्या जाळीमागं एक काळी पेटी. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडं अजून चालती चंडोल होती; तिचा आवाज त्यांनी टिपून आणला होता. पाय दाबाल तशी पेटी ओरडायची.

चंडोल म्हणजे आमच्या कोल्हापुरात, उद्यमनगरच्या ह्याच शेडमध्ये जन्मलेली दोन माणसांची उघडी स्पोर्ट्‌स कार. नेमगोंडा मगदूम, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, ह्यांनी ती तरुणपणी केली. ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठोकून ठोकून तिला अंग दिलं. लांबलचक नाक, पुढं आ वासलेलं गोल तोंड, आखूड शेपूट. साखर कारखान्याचे चेअरमन, एखाददुसरा संस्थानिक आणि हौसेला मोल नसणारे दोन-चार नट ह्यांनी त्या घेतल्या. मग सरकारचे नियम बदलले, मनासारखं इंजिन मिळेना, आणि शेडमध्ये ॲम्ब्युलन्स आणि शाळेच्या गाड्या बांधायला सुरुवात झाली. तरी महिन्या-दोन महिन्यांनी एखादी म्हातारी चंडोल दुरुस्तीला माहेरी यायची. आली की अण्णा तिच्या पुढ्यात खुर्ची टाकून बसायचे आणि त्या दिवशी ॲम्ब्युलन्सवाल्यांचे फोन कुणी उचलायचं नाही.

"काकू, बघा ना त्यांच्याकडे," केतकी माझ्या कानाशी म्हणाली. "मला रडायला येतंय."

केतकी दाबके त्या कंपनीची डिझायनर. पोरगी हुशार, वागायला लाघवी, आणि मला काकू म्हणण्याइतकी निष्ठुर. माझी चाळिशी नुकतीच उलटली होती.

"येतो हं मी," म्हणून मी वळले.

"काकू, तुम्ही 'येतो' म्हणता?"

"आमच्याकडं बाया गड्यांएवढंच राबतात. मग क्रियापद कशाला वेगळं?"

ती हसली. मी हसले नाही. पलीकडच्या शेडमध्ये चादरीखाली माझी चंडोल झाकून ठेवलेली होती आणि तिची पाळी चहानंतर यायची होती.

*

मी त्या शेडमध्ये आले ती सीटा शिवायला. माझ्या नवऱ्याचं रिक्षाच्या हुडांचं दुकान होतं, मशीन मी मारायची. शिक्षण विचाराल तर दहावी, तीही गणितानं पदर धरून मागं ओढलेली. अण्णांनी एकदा दुकानात माझी शिवण बघितली आणि दुसऱ्या दिवशी एका चंडोलच्या सीटा घेऊन आले.

मी जीव ओतून शिवल्या. वर, बघणाऱ्याचा डोळा ठरावा म्हणून, पाठीवर चौकड्यांची एक जादा शिवण मारली. अण्णांनी तिच्यावरनं बोट फिरवलं.

"ही शिवण काय धरून ठेवतीया?"

"काही नाही अण्णा. शोभेला."

"आतनं कापूस सरकंल म्हणून हाय?"

"नाही. दिसायला बरी."

"मग उसव."

पूर्ण दुपार मी ती शिवण उसवत बसले. मनात अण्णांना काय काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी त्यांनी मला चंडोलपाशी नेलं आणि एकेक अवयव दाखवला. नाक लांब का? इंजिन मागं सरकवलं, वजन मधे यावं म्हणून. मग नाक लांब झालं. तोंड एवढं मोठं का? पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबिळाच्या चढाला पाणी उकळायचं, म्हणून वाढवत नेलं. "मी काय नटवली न्हाई हिला," ते म्हणाले. "जे आत हाय तेच भाईर दिसतंय. गाडीनं खोटं बोलायचं न्हाई, वैजू. माणसं बोलत्यात तेवढं बास हाय."

माझं नाव वैजयंता. वैजू फक्त अण्णा म्हणायचे.

त्या संध्याकाळनंतर मला दुकानात परत जाववेना. सीटांवरनं मी दारांच्या आतल्या अंगाला गेले, तिथनं पत्र्याच्या मापांना. सन्मतीनं टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर फुकटचे व्हिडिओ बघत, चुकत, शिव्या देत मी गाड्या काढायला शिकले. गाडी चालवायलाही अण्णांनीच शिकवलं, आणि तेही ॲम्ब्युलन्सवर. वाटेतली माणसं आपोआप बाजूला व्हायची, त्यामुळं शिकायला सोपं गेलं.

म्हणून पुण्याची कंपनी चंडोल पुन्हा आणणार, विजेवर आणणार, असं कळलं तेव्हा मी कुणी न सांगता कामाला लागले. विजेच्या गाडीला पुढं इंजिन नाही, मग लांब नाक कशाला? पाणी तापत नाही, मग तोंड कशाला? बॅटरी तळाला, मग माणसं पुढं सरकून बसतील. मी अण्णांचाच हिशेब पहिल्यापासनं मांडला आणि जे अंग निघालं ते लाकडात आणि पुट्टीत लहान मापाचं करून ठेवलं. नाक आखूड. तोंड मिटलेलं. पण मागच्या चाकावरनं उतरणारा खांदा चंडोलचाच.

कंपनीतल्या वरच्या लोकांना मात्र हुबेहूब जुनीच हवी होती. लोक आठवणी विकत घेतात, असं त्यांचं म्हणणं. केतकीनं माझं काम बघितलं, तिला ते आवडलं, आणि तिनं वरच्यांना सांगून एक गोष्ट कबूल करून घेतली: गाडीवर नाव मगदूमांचं जाणार, तर दोन्ही बघून मगदूम म्हणतील ती गाडी करायची. त्यांचा शब्द शेवटचा.

मला धाकधूक अशी नव्हतीच. अण्णा काय म्हणणार हे मला आधीच ठाऊक होतं. ज्यानं मला शोभेची शिवण उसवायला लावली, तो माणूस आवाजाची पेटी घेईल होय?

*

चहा झाला. अण्णा कधी नाही ते दोन बिस्किटं खाऊन आले. मी चादर काढली.

अण्णांनी वाकून त्या खांद्यावर तळवा ठेवला आणि मागच्या चाकापर्यंत आणला. परत एकदा. तिसऱ्यांदा डोळे मिटून.

"कवा केलीस गं ही?"

"करत होतो की. मधल्या वेळेत."

"मला दाखवली न्हाईस."

"झाल्यावर दाखवायची होती."

"हिच्यात काय बी फुकटचं न्हाई," ते म्हणाले आणि केतकीकडं वळले. "पोरी, माझा हात लागलेला न्हाई हिला, आणि तरी माझ्याच वळणाची हाय. बघ. ह्या बाईनं एकटीनं केलीया."

माझे कान गरम झाले. सन्मतीनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या.

"मग सर," केतकी म्हणाली, "ही करायची?"

अण्णांनी हात मागं घेतला. दारातनं समोरच्या शेडमधली ती पेटीवाली चंडोल दिसत होती. ते तिच्याकडं बघत म्हणाले, "ही बी करा. फुडं-मागं करा. पर पैल्यांदा तेवढी ती करूया."

"जुनी?"

"जुनी. आत्ता मी बसलो हुतो की तीत." आणि ते लाजले. शाळेतल्या मुलासारखे लाजले, मान खाली घालून.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग वाटलं, ते माझी परीक्षा घेतायत. अण्णांना ती सवय होती. मुद्दाम वाकडं बोलायचे आणि मी कुठं अडवते ते बघायचे.

"अण्णा, एक विचारू?"

"इचार की."

"त्या गाडीचं तोंड आत काय घेतंय?"

"वारं."

"कशाला? आत तापतंय काय?"

अण्णांनी केतकीकडं बघितलं. "काय न्हाई का तितं?"

"तिथं... स्पीकर आहे सर. जाळीच्या मागे."

"आणि एवढं लांब नाक?" मी विचारलं. "त्यात काय आहे?"

"बॅगा ठेवायला जागा केलीये," केतकी पडल्या आवाजात म्हणाली.

"बॅगा," अण्णा म्हणाले.

"अक्का, बास," सन्मती म्हणाला. मालक असून वयानं लहान म्हणून तो मला अक्का म्हणायचा. त्याचा आवाज साधा नव्हता, हे मला कळलं. मी थांबले नाही. अण्णा अजून खेळतायत, आता हसतील आणि म्हणतील 'शाब्बास वैजू', असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. निदान मी तसं धरून चालले होते.

"आणि आवाज, अण्णा? तो काय ओढतोय? कुठला भार ओढतोय तो?"

बाहेर कुणीतरी पत्रा ठेवला, त्याचा खण्ण आवाज आला. अण्णांचा चेहरा एका जागी थांबल्यासारखा झाला. मग ते माझ्याकडं बघून हसले, पण शाब्बासकीचं हसू नव्हतं ते. देणं चुकतं करताना माणूस हसतो तसं होतं.

"काय न्हाई," ते म्हणाले. "कायच ओढत न्हाई." आणि मग केतकीला, "उसवा ती. वैजूची करा."

चप्पल शोधून ते घरी गेले. पेटीवाल्या चंडोलच्या बाजूनं गेले, पण तिच्याकडं बघितलं नाही.

*

"जिंकलीस?" सन्मती म्हणाला. केतकी पुण्याला निघून गेली होती आणि आम्ही दोघं पत्र्याच्या गठ्ठ्यावर बसलो होतो.

"मी खोटं काय बोललो?"

"खोटं कोण म्हणतंय? खरंच बोललीस. सगळं खरं बोललीस." त्यानं कपाळ चोळलं. "तुला ठाऊक आहे काय, अण्णांनी घरात काय चालवलंय ते?"

मला ठाऊक नव्हतं.

"आई गेली तेव्हा गोड सोडलं. नियम घेतला. ठीक आहे, म्हातारी माणसं घेतात. मग दूध सोडलं. मग गादी सोडली, चटईवर झोपतात. दिवाळीनंतर रेडिओ सोडला. एकेक करून सगळं सोडत चाललेत अक्का. मी विचारलं, अण्णा, आता काय राहिलंय? तर म्हणतात, बघू या, काय काय निघतंय." त्यानं पायानं एक खिळा बाजूला सारला. "आज दोन बिस्किटं खाल्ली. बघितलंस? त्यात साखर होती. खाताना विसरले बिचारे. आणि 'तेवढी करूया' म्हणाले. त्या माणसानं काहीतरी मागितलं अक्का. इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलं."

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगणार होतो? की माझ्या बापाला थोडं खोटं बोलू दे म्हणून?"

मी उठले. संध्याकाळ व्हायची होती.

*

अण्णांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. मी गेले तेव्हा ते पाटावर बसून ज्वारीची भाकरी आणि मुगाची आमटी जेवत होते. सुनेनं मलाही ताट वाढलं. नको म्हणायची सोय नव्हती.

"अण्णा, मी केतकीला फोन करतो," मी म्हणाले. "माझी राहू दे. जुनी छान आहे. लोकांना तीच आवडणार. माझी पुढं बघू."

"का?"

"मला नाही पटत आता माझी."

"खोटं बोलालीस," ते सहज म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला. "चांगली हाय ती. माझ्यापरास चांगली हाय. मला ते आधीच दिसलं हुतं. हात लावला तवाच."

"मग जुनी करूया का म्हणाला?"

ते हसले. "आवडली म्हणून." थोडं थांबून म्हणाले, "खोकली ना ती. सकाळी मी गाडी चालू करायचो तवा सन्मतीची आई आतनं वरडायची, आधी च्या प्यायला लावा तिला, मग न्या. रोज. रोज तेच वरडायची. मला वाटलं आता आतनं आवाज येतोय काय."

मी पाणी प्यायले.

"तर मग करूया की अण्णा," मी म्हणाले. "जुनीच करूया. मी स्वतः सीटा शिवतो. कोण विचारतंय आत काय आहे आणि काय नाही?"

"आता न्हाई गं हुणार."

"का नाही?"

"आता मला पेटीच आयकू येणार." त्यांनी ते तक्रारीनं नाही म्हटलं. कुठला पत्रा कुठं चालत नाही हे सांगावं तसं सांगितलं. "एकदा दिसली शिवण की दिसली. तुला ठाऊक हाय की. तू उसवलीस, त्याच्या नंतर तुला कवा सरळ सीट बघाय आली का? मी तुझं वाटोळं केलं, तू माझं केलंस. फिटंफाट."

सून हसली. मीही हसल्यासारखं केलं.

"आणि मी नियम घेतलाय," ते म्हणाले. "आत्ताच, जेवाय बसताना. चंडोल सोडली."

"सोडली म्हणजे?"

"सोडली. गोड सोडलं तशी. जुन्या गाडीत बसायचं न्हाई, आवाज आयकायचा न्हाई. निपाणीवाल्याची आली दुरुस्तीला तर मला बोलवू नका. सन्मतीला सांगितलंय." त्यांनी ताटात हात धुतला. "बरं झालं बघ. ते एक ऱ्हायलं हुतं. मला सापडतच नव्हतं, काय ऱ्हायलंय ते."

घेतलेला नियम मोडायला लावणं हे त्यांच्याकडं मोठं पाप. आणि मी त्यांच्या जातीची नसले तरी इतकी वर्षं त्यांच्यात वावरले होते. आमटी चांगली झाली होती, मी दुसऱ्यांदा घेतली. काहीतरी करायचं म्हणून.

*

पावसाळा संपता संपता त्यांचं पर्युषण झालं. ते संपलं की क्षमावाणी. त्या दिवशी जैन माणूस लहानमोठा न बघता प्रत्येकापुढं हात जोडतो आणि 'उत्तम क्षमा' म्हणतो: वर्षभरात कळत नकळत तुला दुखावलं असेल तर माफ कर. समोरचाही हात जोडतो आणि तेच म्हणतो. अण्णा दर वर्षी शेडभर हिंडायचे. पत्र्यात हलका माल घालणाऱ्या व्यापाऱ्यालाही सोडायचे नाहीत. तो बिचारा त्या दिवशी तोंड चुकवायचा.

त्या वर्षी मी ठरवून गेले होते. ते माझ्यापर्यंत यायच्या आत आपण पुढं व्हायचं आणि सांगायचं, अण्णा, मला त्या दिवशी थांबता आलं असतं. एवढं एकच वाक्य. घरातनं निघाल्यापासनं घोकत होते.

मी गेटमधनं आत आले आणि ते तिथंच उभे. माझीच वाट बघत असावेत. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात जोडले, मान लववली. "वैजू, उत्तम क्षमा."

रीतीनं जे म्हणायचं ते मी म्हणाले. "उत्तम क्षमा, अण्णा."

ते पुढं गेले, वॉचमनकडं. माझं वाक्य तोंडातच राहिलं. मी मागायची माफी त्यांच्या माफीचं उत्तर होऊन गेली, आणि उत्तर तर सगळेच देतात.

*

नवी चंडोल झाली. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली आणि ती तुम्ही कुठंतरी बघितलीही असेल. मासिकांत तिचे फोटो आले, माझाही एक आला, त्यात मी रागावल्यासारखी दिसते. पण मला सांगायचं आहे ते त्या सगळ्याच्या आधीचं, पहिली चालती गाडी शेडमधनं निघाली त्या दिवसाचं.

अण्णांना बसवायचं होतं. नियम जुन्या चंडोलचा होता, हीत बसायला हरकत नव्हती. सन्मती म्हणाला, "अक्का, तूच चालव. तुझी आहे." मी पन्हाळ्याच्या रस्त्याला लागले. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस. अण्णांनी कानाला मफलर बांधला होता आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

"हलत न्हाई गं," ते कौतुकानं म्हणाले. "पाण्यावर चालल्यागत वाटतंय."

"आवडली?"

"चांगली हाय. चोख हाय. कुटं बोट ठेवाय जागा न्हाई."

बस्स. गाडी इतकी शांत होती की उसाची पानं पानांना घासताना ऐकू यायची, त्यांच्या मफलरचं टोक सीटवर आपटायचं तेही ऐकू यायचं. हीच शांतता मी घडवली होती. मला तिचा अभिमान होता.

वाघबिळाचा चढ लागला. मी पाय थोडा दाबला. गाडी काही न म्हणता चढायला लागली.

आणि मला शेजारून काहीतरी ऐकू आलं.

आधी वाटलं, चाकात खडा अडकला असेल. मग वाटलं, मोटरला काही झालं की काय. मी कान देऊन ऐकलं. आवाज गाडीचा नव्हता. अण्णांचे ओठ मिटलेले होते, नजर समोर चढावर होती, आणि घशाच्या आत, अगदी खोल, ते गुरगुरत होते. वळण आलं तसा त्यांचा आवाज बसला. मांडीवरचा डावा हात नकळत पुढं सरकला, मूठ वळली, मागं ओढली, आणि आवाज पुन्हा भरून वर गेला.

त्यांना वाटत होतं, कुणाला ऐकू जात नाही. जन्मभर त्यांनी ज्या गाड्या चालवल्या त्यांत असं काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं. असं गुरगुरणं इंजिनाच्या आवाजात झाकून जायचं. कदाचित ते नेहमीच करत असतील. जन्मभर करत आले असतील. मी केलेल्या गाडीत तेवढं झाकायलाही आडोसा नव्हता.

मी त्यांच्याकडं मान वळवली नाही. वळवली असती तर ते थांबले असते, आणि पुन्हा कधी केलं नसतं. त्यांच्यासारख्या माणसानं त्याचाही नियम करून टाकला असता.

उघड्या गाडीत वारं असतं, वेग वाढला की वाऱ्याचा आवाज वाढतो, एवढं मला सुचलं. मी पाय दाबला. वारं कानांत भरायला लागलं, मफलरचं टोक मागं उडालं. आणखी दाबला, चढावर शहाण्या माणसानं दाबू नये इतका. आता तरी ऐकू येऊ नये, मला तरी ऐकू येऊ नये.

अण्णांना वाटलं, मला चालवायचा जोर चढला. त्यांनी खुशीत मूठ वळली, पुढं ढकलली, आणि वरचा गिअर टाकला.